सोलकढी मागितली होती, गुलाबी पाणी नव्हे

परवा पुन्हा तेच. दादरला मालवणी थाळी मागवली. सुरमई झकास, तांदळाची भाकरी मऊसूत, आणि वाटीत सोलकढी म्हणून आलं ते भडक गुलाबी पाणी. ना लसणीचा वास, ना नारळाचा दाटपणा. वाटीच्या कडेला रंग चिकटलेला!

अहो, लागतं काय हिला? ओलं खोबरं लसूण-मिरची घालून वाटायचं, २-३ वेळा पिळून रस काढायचा, त्यात आगळ (कोकमाचा घट्ट रस) नाहीतर भिजवलेल्या आमसुलांचं पाणी, मीठ, कोथिंबीर. गॅससुद्धा पेटवावा लागत नाही. आई परळच्या चाळीत पाट्यावर वाटून ८ माणसांची करायची. आणि तुम्ही मिक्सर असून पावडर कालवता? नारळ महागलाय, मान्य. मग १० रुपये जास्त घ्या, देतो की! पण एवढ्या चांगल्या सुरमईवर हे पाणी नका देऊ.