ड्रायव्हर लेथवर नेऊ नका

व्हॉट्सॲपवर सध्या गोल्फचा एक मेसेज फिरतोय. त्यातले सल्ले थोडक्यात असे: जुन्या ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारा पुढचा भाग, लेथवर अर्धा मिलिमीटर उतरवून घ्या, ४० यार्ड वाढतात, 'प्रो लोक हेच करतात'. नवा घ्यायचा असेल तर '१०के'च (दहा हजारी जडत्व-आकड्याचाच) घ्या, फेसवर कुठेही लागला तरी चेंडू सरळ. लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) ८ अंश, शाफ्ट (दांडा) ४७ इंच. फेसवर व्हॅसलीन चोळा, स्लाइस (चेंडूचं उजवीकडे वळत जाणं) बंद. शेवटी पुरावा म्हणून 'जळगावात मे महिन्यात मोजून बघितलं'.

असले मेसेज मी न वाचता पुसतो. पण धाकट्या मावसभावाने एमआयडीसीत लेथवाल्याला भावसुद्धा विचारून ठेवलाय, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप. क्रमाने जात नाही. ज्यात नुकसान आहे ते आधी.

ड्रायव्हरचं डोकं भरीव नसतं. आतून पोकळ, आणि पुढे टायटॅनियमचा पातळ पत्रा. मॉडेलप्रमाणे साधारण अडीच ते साडेतीन मिलिमीटर, बहुधा मध्ये जाड आणि कडेला पातळ. हा जाडीचा खेळ आतल्या बाजूला असतो, बाहेरून लेथवाल्याला त्याचा पत्ताच लागत नाही. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ३ मिलिमीटरचे २.५ केले की ताठरपणा ४२ टक्क्यांनी घटतो, आणि त्याच फटक्याला धातूवरचा ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. चेंडू ४६ ग्रॅमचा. फेसला तो टेकलेला असतो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ. तेवढ्यात त्याला ताशी १३० मैलांवर न्यायचं म्हणजे सरासरी भारच साडेपाचशे-सहाशे किलोच्या घरात, क्षणभराचा सर्वोच्च भार त्याहून बराच जास्त. हा मार पातळ केलेल्या पत्र्यावर रोज शंभर वेळा पडला तर काय होणार? फेस जिथे वरच्या क्राउनला किंवा खालच्या सोलला मिळतो तिथे केसाएवढी भेग पडते. आधी आवाज बदलतो, टणत्कार जाऊन फुटक्या डब्यासारखा येतो.

आणि एवढं करून मिळणार काय? २०० ग्रॅमचं डोकं, ४६ ग्रॅमचा चेंडू, उसळीचा गुणांक (आदळण्याच्या वेगातला किती भाग परत मिळतो तो) ०.८३ धरला तर चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या साधारण १.४९ पट येतो. फेस घासून गुणांक ०.८६ झाला असं मानू, तर १.५१ पट. ताशी ९० मैलांच्या स्विंगला हा फरक दोन मैलांचा, म्हणजे चार-पाच यार्ड. ४० कुठून आणले ते मेसेज लिहिणाऱ्यालाच माहीत.

लेथवरचं दुसरं नुकसान जास्त गमतीचं आहे, कारण ते नेमकं 'सरळ'च्याच मुळावर येतं. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो. आडव्या दिशेने तो किंचित फुगीर असतो, त्याला बल्ज म्हणतात, आणि त्याची त्रिज्या साधारण १२ इंच. ती शोभेसाठी दिलेली नाही. चेंडू टोच्या (दांड्यापासून लांबच्या टोकाच्या) बाजूला लागला की डोकं मागे वळतं आणि चेंडूला डावीकडे वळणारी फिरकी मिळते (उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सांगतोय). फुगीरपणामुळे तोच चेंडू आधी उजवीकडे निघतो, मग वळून मध्ये येतो. हीलला (दांड्याजवळच्या टोकाला) लागला तर उलट. लेथवर फेसिंग मारून हा फुगवटा सपाट केला की फिरकी तेवढीच राहते, पण उजवीकडे निघणं संपतं. टोचा फटका थेट डावीकडच्या झाडीत.

शिवाय टायटॅनियमची बारीक भुकटी पेटते. पेटलीच तर पाणी टाकायचं नाही, आग भडकते. कोरडी वाळू लागते. २०२२ च्या टेलरमेड स्टेल्थसारखा कार्बनचा फेस असेल तर विषयच संपला: वरचं पॉलियुरेथेनचं आवरण आणि खालचे थर उडणार, आणि ती धूळ ओढणार लेथवाल्याची छाती.

'प्रो लोक हेच करतात' हे तर उघड खोटं. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांचे साहित्याचे नियम कुणालाही वाचायला खुले आहेत. फेसची लवचीकता लंबकाच्या चाचणीत मोजतात, लंबक फेसला किती वेळ टेकतो त्यावरून. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सूट, म्हणजे २५७. कंपन्या आधीच या काठावर डोकी बनवतात. इतक्या काठावर, की २०१९ च्या ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धेत झँडर शॉफेली या प्रो खेळाडूचा ड्रायव्हर या चाचणीत नापास झाला आणि त्याला तो बदलावा लागला. घासायला जागा उरलीय कुठे?

आता '१०के'. यात अर्ध तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. वजन कडांना आणि मागे नेलेलं डोकं फटका मध्यावर नसला तरी कमी वळतं. त्यामुळे टो किंवा हीलच्या फटक्याला वेग कमी गमावतो आणि दिशाही कमी बिघडते. पण १०,००० हा जडत्वाचा, म्हणजे डोकं वळण्याला किती विरोध करतं त्याचा, आकडा दोन अक्षांच्या बेरजेचा आहे. नियमाची मर्यादा उभ्या अक्षाभोवती ५,९०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर, वर १०० ची सूट. बाकीचा आकडा वर-खाली वळण्याविरुद्धचा. आणि कुठलाही जडत्व-आकडा फेसचा कोन सुधारत नाही. टेकताना फेस लक्ष्याच्या ३ अंश उजवीकडे बघत असेल, तर २०० यार्डांवर चेंडू नुसत्या सुरुवातीच्या दिशेनेच नऊ-दहा यार्ड बाहेर जातो, वळण वेगळंच. अगदी मध्यावर लागला तरीही. पन्नास-साठ हजार मोजून तुम्ही मध्य चुकल्याचा दंड कमी करून घेताय, स्लाइसचा इलाज नव्हे.

व्हॅसलीनने घर्षण घटतं, फिरकी घटते, चेंडू कमी वळतो, हे खरं. पण फेरी चालू असताना डोक्याला असं काही लावून फटका मारला तर नियम ४.१ प्रमाणे थेट बाद. पुढे बोलायला काही नाही.

८ अंशांचा लॉफ्ट ताशी ११० मैलांच्या पुढे फिरवणाऱ्यांनी बघावा. ८५-९० च्या स्विंगला चेंडू हवेत टिकतच नाही. साडेदहा ते बारा अंश लागतात. लॉफ्ट जास्त तर चेंडू आडवाही कमी वळतो. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीची वीट होते तेव्हा बुटका फटका घरंगळत लांब जातो, म्हणून ८ अंश चांगला वाटतो. आषाढात बघा. ४७ इंची शाफ्टचंही तसंच: साधारण नियम ४८ इंचांपर्यंत चालवून घेतो, पण २०२२ पासून स्पर्धा समितीला ४६ ची मर्यादा लावता येते, आणि लांब दांड्याने मध्य आणखी चुकतो.

राहिलं 'मे महिन्यात मोजलं'. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ असते. तोच ड्रायव्हर, तोच फटका, तरी थंड सकाळीपेक्षा काही यार्ड उन्हाने फुकट दिलेले असतात. उलट त्याच उन्हात ड्रायव्हर गाडीच्या डिकीत ठेवलात तर शाफ्ट धरून ठेवणारा इपॉक्सी गम सैल पडायची भीती.

हात शिवशिवतच असतील तर हे करा. फेसवर पायाच्या पावडरचा पातळ थर मारा (सरावातच, फेरीत नव्हे) आणि दहा चेंडूंचे ठसे बघा. टी (चेंडू ठेवायची खुंटी) एवढी उंच की चेंडूचा निम्मा भाग क्राउनच्या वर दिसावा. ठसे हीलकडे किंवा विखुरलेले असतील तर ग्रिप एक इंच खाली धरून पुन्हा दहा. फरक पडला तर शाफ्ट अर्धा इंच कापून घ्या आणि डोक्याला पाच-सहा ग्रॅम लेड टेप लावा, नाहीतर डोकं हलकं वाटेल. ठसे मध्यावर असूनही चेंडू उजवीकडे वळत असेल तर सोबत आलेल्या पान्याने होझल (डोकं आणि शाफ्ट यांचा सांधा) एक-दीड अंश जास्त लॉफ्टवर फिरवा. त्याने फेसही थोडा बंद होतो, म्हणजे डावीकडे बघतो. 'टक' आवाज आला की थांबा, आणखी आवळू नका. आणि हे फेरी सुरू व्हायच्या आधी, मध्ये नाही.