ढिलाई दांड्यांत नाही, सांध्यांत

नमस्कार. घरी बनवायच्या आरशाच्या दुर्बिणीला अखंड नळीऐवजी आठ दांड्यांची सुटी होणारी नळी (ट्रस) करायची, या कल्पनेवर तुमचे आक्षेप तीन : सुटी नळी जोडली की दर वेळी कॉलिमेशन (दोन्ही आरसे एका रेषेत असणं) बिघडतं, दुर्बीण खाली झुकवली की आरशांची रेषा सरकते, आणि आठ इंची एफ/६ ची (फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या सहापट) सव्वा मीटरची नळी गाडीच्या मागच्या सीटवर मावतेच, मग हा खटाटोप कशाला?

तिसरा मान्य. चारचाकी असेल तर अखंड नळीच करा. पण साताऱ्याहून दुचाकीवर यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं, तर ती नळी घेऊन मागे बसणार कोण?

कॉलिमेशन दर वेळी करावं लागतं, हेही खरं. फोकसरमध्ये (नेत्रिका धरणाऱ्या सरकत्या नळीत) बसवायचा लेझर असला की दोन-तीन मिनिटांचं काम. घाटातले खड्डे खाऊन आलेल्या अखंड नळीलाही ते चुकत नाही. शिवाय एफ/६ ला बरीच मुभा असते : कोमा (कडेच्या ताऱ्यांना शेपूट फुटल्यासारखा दोष) न जाणवणाऱ्या क्षेत्राचा व्यास साधारण ४.७ मिमी. एफ/४ ला तोच जेमतेम १.४ मिमी, तिथे तुमची तक्रार जास्त बोचेल.

रेषा सरकण्याचं कारण मात्र तुम्ही दांड्यांवर ढकललंत, ते पटत नाही. त्रिकोणात बसलेल्या दांडीवर फक्त ताण आणि दाब येतो. त्यामुळे १९ मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची ॲल्युमिनियमची नळी आठ इंचाला पुरून उरते. घोळ होतो तो टोकाला. ६ मिमीच्या बोल्टला साडेसहाचं भोक पाडलं, किंवा नळीचं टोक हातोडीने चेपून त्यातच भोक पाडलं, की सांधा खेळतो (चेपलेलं टोक पुढे चिरतंही). टोकात लाकडी खुंटी इपॉक्सीने बसवा, मग भोक पाडा. जोडीतल्या दोन दांड्यांच्या मध्यरेषा एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत, नाहीतर त्रिकोण नावापुरताच.

दोष नेमका कुठे आहे, तेही कळतं. लेझर लावून दुर्बीण डोक्यावरून हळूहळू क्षितिजाकडे न्या आणि मुख्य आरशावरच्या खुणेजवळचा लाल ठिपका बघत राहा. ठिपका झटकन उडी मारतो? सांधा ढिला आहे, किंवा वरचा तिरपा आरसा त्याच्या आधारावर हलतोय. सावकाश सरकतो आणि वर आणल्यावर जागेवर येतो? काहीतरी वाकतंय, बहुतेक वेळा तिरपा आरसा आणि फोकसर धरणाऱ्या वरच्या कड्याचं पातळ प्लायवुड.

बाहेरचा उजेड अडवायला गुंडाळायचं कापड काळं, ताणलं जाणारं, दांड्यांच्या बाहेरून. सुती नको, कासच्या दवाने भिजून ते प्रकाशाच्या वाटेत लोंबतं.

आठही दांड्या एकत्र आवळून एकाच वेळी कापा, पण हिशेबापेक्षा ३० मिमी लांब ठेवून. मग चंद्रावर रोखून वरचं कडं खाली सरकवत न्या. फोकसर जवळजवळ पूर्ण आत असताना चंद्र स्पष्ट झाला की तिथे खूण करून उरलेलं छाटा. जास्तच छाटलं गेलं तर फोकसरला एक्स्टेन्शन नळी लावून निभावतं.