गाणारा नट संपला, असे कोणी ठरवले?

"बालगंधर्व गेले आणि संगीत नाटक संपले, आता गाणाऱ्या नटाचे नाटकावर पोट भरत नाही, झाडीपट्टीत चालतो तो नुसता रात्रभराचा धिंगाणा," अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर फिरतो आणि झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडची, शिकली-सवरलेली मुलेही तो पुढे ढकलतात.

यातले पहिले विधान इतिहासालाच धरून नाही. बालगंधर्व जुलै १९६७ मध्ये गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. त्यातले खाँसाहेब गाजवणारे वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे, हे तरी वैदर्भीयांनी विसरू नये.

पोट भरण्याचा मुद्दा मात्र इतक्या झटपट निकालात काढता येत नाही. निव्वळ नाटकावर बारमाही संसार चालवणे पूर्वीही सोपे नव्हते: बालगंधर्वांची कंपनी ऐन भरातही कर्जात होती आणि वसंतरावांनी कितीतरी वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. झाडीपट्टीतला नट वेगळे काय करतो? धान घरात आले, की दिवाळीपासून होळीपर्यंत तो गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथील नाटक कंपन्यांच्या प्रयोगांना जातो आणि उरलेले महिने शेती किंवा मजुरी करतो. गावोगावच्या मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने पाहुणे जमतात, त्यांच्यासाठी गावातले मंडळ प्रयोग ठरवते, तिकिटे विकते आणि कंपनीचे पैसे चुकते करते. २०१४ मध्ये न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तरी नाटके चालूच राहिली. म्हणजे प्रेक्षक केवळ पटासाठी येत होता, असेही म्हणता येत नाही. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील कामासाठी. अर्थात हंगामी कमाई बेभरवशाचीच असते, आजारपणात नटाला कोणी विचारत नाही, आणि तक्रार करायचीच तर याची करावी.

राहिला धिंगाण्याचा आरोप. मध्येमध्ये लावणी घुसडली जाते आणि कधी कधी ती नाटकाला खाऊन टाकते, हे मान्यच आहे. परंतु ज्याने पहाटे तीनचा प्रवेश पाहिला आहे, तो हा शब्द वापरणार नाही. माइक वरून टांगलेले असतात, त्यामुळे नटाला संवाद संपवता संपवता पदासाठी नेमके त्यांच्याखाली यावे लागते. ऑर्गनवाला त्याच्या तोंडाकडे पाहत सूर धरून ठेवतो, आणि पद रंगले तर 'वन्स मोअर' घेऊन करुण प्रसंगाच्या मध्यावरच ते पुन्हा म्हणावे लागते, तेही मघाचा रडवेला आवाज न सोडता. ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवून हे साधत नाही. असा गळा रात्रीमागून रात्री, थंडीत, उघड्या मांडवात टिकवणाऱ्याला गाणारा नट म्हणायचे नाही, तर मग कोणाला म्हणायचे, हे तो मजकूर लिहिणाऱ्याने एकदा सांगावे.