‘गाडीचीच बॅटरी पुरते’ हा सल्ला पाळू नका

गाडीतच मुक्काम करणाऱ्या मंडळींमध्ये एक मेसेज फार फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘गाडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडा, रात्रभर फ्रिज, पंखा, दिवे चालवा. सकाळी 10 मिनिटं इंजिन सुरू ठेवलं की बॅटरी परत फुल्ल. 12 व्होल्टचा धक्का बसत नाही, म्हणून फ्यूज वगैरे नको. फार वाटलं तर टपावर 100 वॅटचं सोलर पॅनेल टाका. वेगळी बॅटरी हा निव्वळ पैसे काढायचा धंदा आहे.’ ज्याला पहिल्यांदाच असं बाहेर पडायचंय, तो यावर पटकन विश्वास ठेवेल. मीही ठेवला होता, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मेसेजमधलं पहिलं गणित असं: 60 अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे 12 व्होल्टने गुणून 720 वॅट-अवर (1 वॅटचं उपकरण 1 तास चाललं की 1 वॅट-अवर वीज जाते). गुणाकार बरोबर आहे, पण ही बॅटरी त्या कामाची नाही. गाडीच्या या बॅटरीच्या, म्हणजे स्टार्टर बॅटरीच्या, प्लेटा पातळ असतात. दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राकडून) भरून घ्यायचे, एवढंच तिचं काम. ती खोलवर उतरवली की प्लेटांवर सल्फेट साचून कडक होतं आणि क्षमता कायमची घटते. शांत ठेवलेल्या भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज 12.6 ते 12.7 असतो, 12.2 ला ती साधारण निम्मी होते. बरेचसे इन्व्हर्टर मात्र 10.5 च्या आसपास बंद पडतात. तोवर गाडी सुरू करायची ताकद केव्हाच गेलेली असते.

निम्मी वापरायची म्हटलं तर हातात 360 वॅट-अवर. आता रात्रीचा हिशेब करा. कंप्रेसरचा छोटा फ्रिज 45 वॅटचा आणि 40 टक्के वेळ चालणारा धरला, तर 10 तासांत 180. 15 वॅटचा पंखा 8 तास, म्हणजे 120. दिव्यांचे 20. झाले 320. इन्व्हर्टरमध्ये साधारण 10 ते 15 टक्के वीज वाया जाते, वर तो नुसता चालू राहायलाही काही वॅट खातो. ते धरलं की 450 च्या आसपास पोचतो. 12 व्होल्टवर चालणाऱ्या फ्रिजसाठी इन्व्हर्टरने व्होल्टेज चढवायचा आणि ॲडॉप्टरने पुन्हा उतरवायचा, यात तर काहीच अर्थ नाही. फ्रिज सरळ 12 व्होल्टवरच लावा.

हाच हिशेब न करता मी एकदा झोपलो होतो. पहाटे सेल्फ मारला, डॅशबोर्डचे दिवे मंदावले आणि बॉनेटखालून नुसती टक-टक-टक. रिले (करंटवर चालणारा स्विच) ओढण्यापुरता करंट उरला होता, इंजिन फिरवण्यापुरता नव्हता. जंपर केबल होती, पण समोर दुसरी गाडी यायला तीन तास लागले. सोबत कुणी आजारी असतं तर, हा विचार अजून जात नाही.

दुसरा मुद्दा 10 मिनिटांचा. रात्री 30 अँपिअर-अवर गेले असतील आणि बॅटरीत सलग 30 अँपिअर जात असतील, तरी 10 मिनिटांत भरतात फक्त 5. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने देतच नाही. लेड-ॲसिड बॅटरी (गाडीत नेहमी असते ती) 80 टक्क्यांपुढे करंट घेणं कमी करत जाते, त्यामुळे शेवटचा टप्पा कित्येक तास खातो. याहून मोठी गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही: गाडीत माणसं झोपलेली असताना इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. भिंतीला टेकून उभी केलेली किंवा सायलेन्सर चिखलात, बर्फात गेलेली गाडी तर आणखी धोक्याची.

तिसरा मुद्दा, ‘12 व्होल्ट म्हणजे निर्धोक’. धक्का सहसा बसत नाही, हे खरं. आग लागते ती करंटने. 1000 वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर 90 अँपिअरच्या वर ओढतो, आणि वायर घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ हवा आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. सिगारेट लायटरचं सॉकेट बहुधा 10 ते 15 अँपिअरचं असतं, म्हणजे 120 ते 180 वॅट. तिथला फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

वायरीची जाडी हाही याचाच भाग. फ्रिज मागे 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तांबं. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 10 अँपिअरला जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. मग बॅटरी ठीक असूनही फ्रिज लो-व्होल्टेज दाखवून बंद पडतो आणि लोक फ्रिजला दोष देतात. 6 चौरस मिलिमीटर घाला, घट साधारण 0.3 व्होल्टवर येते.

सोलरचे 100 वॅट मोजलेले असतात 25 अंश तापमानाच्या सेलवर, समोरून पडणाऱ्या कडक उजेडात. टपावर आडव्या, तापलेल्या पॅनेलने 60-70 वॅट दिले तरी चांगलं, आणि झाडाची सावली एका कोपऱ्यावर आली तरी उत्पादन धाडकन पडतं. पूरक म्हणून उत्तम, भरवसा ठेवायला नाही.

राहिली वेगळी बॅटरी. फोन आणि एलईडी दिव्यांपुरता एका रात्रीचा मुक्काम असेल तर खरंच गरज नाही. फ्रिज आला की आहे, आणि ती जोडायला मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा) हवा. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात, तेव्हा नुसत्या रिलेने दुसरी बॅटरी अर्धवटच भरते. लिथियम बॅटरी थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. शून्य अंशाखाली ती चार्जही करायची नसते.

हे सगळं होईपर्यंत निदान एक छोटा व्होल्टमीटर बसवा. झोपण्यापूर्वी सगळं बंद करून काही मिनिटांनी आकडा बघा. 12.4 च्या खाली असेल तर त्या रात्री फ्रिज बंदच ठेवा.