सुख कुठं असते ते मला शिकवू नका

मार्च आला की सुखी देशांची यादी येते अन् आमच्या गावच्या ग्रुपवर तेच सुरू होते. फिनलंड २०१८ पासून पहिला, २०२५ च्या यादीत भारत ११८ वा. मग कोणी म्हणते यादीच खोटी, अन् मी फिनलंडात राहतो म्हणून गाडी माझ्यावर येते, "तिकडं पैसा असन बावा, सुख इथंच, पारावर."

याचीच चीड येते मला. यादीवाले विचारतात एवढंच की शून्य ते दहाची शिडी समजा, तुमचं आयुष्य कोणत्या पायरीवर आहे. घरात माणसं किती, हसता किती, त्यावर नंबर ठरत नाही. इथं टाम्पेरेत डिसेंबरात तीन वाजता अंधार पडते, शेजारी लिफ्टमधे तोंड उघडत नाही, तरी तो वरची पायरी सांगते. काऊन? कारण आजारी पडलो तं सगळं विकावं लागन ही धास्तीच नाही त्याला. बायको गरोदर असताना आम्ही न्यूवोलात, म्हणजे इथल्या गरोदर बायांच्या सरकारी दवाखान्यात, जात होतो, कोणी पैशाचं नाव काढलं नाही, अन् गावात दवाखान्यासाठी भाव नसताना कापूस विकणारे मी लहानपणापासून पाहिले. थ्री फेज रात्रीची आहे म्हणून थंडीत बॅटरी घेऊन हरभरा ओलायला जाते, पायाखाली साप आहे का काय हे बघत बघत, त्या माणसाला सांगा ना पारावरचं सुख! अन् हे ग्रुपवर सांगणारे अर्धे तं स्वतः पुण्यात फ्लॅट घेऊन बसले आहेत.

मी इथं सुखात आहे, लपवायचं काय त्यात. वडाभात करतो, पोराला तान्ह्या पोळ्याचं सांगतो, ते ऐकते अन् खेळायला जाते.

पण यंदा वावर मक्त्यानं दिलं ते मला ग्रुपवरच्या कोणाच्या तरी मेसेजमधून कळलं. भावाला फोन केला तं म्हणे, "तुले काय सांगाचं, तू तं तिकडं." त्याचं चुकलं नाही, राबते तो, उधारी-पाधारी तोच निस्तरते, पण मला इतकं लागलं की त्या दिवशी सौनाची, म्हणजे वाफेच्या खोलीची, आमची पाळी होती, मी गेलोच नाही. शिडीचं मला विचारलं तं आजही वरचीच पायरी सांगीन. फक्त भाऊ, पुढच्या साली वावर द्यायच्या आधी एक फोन कर. मी हाओच म्हणणार आहे, तरी कर.