तेलाचा हिशोब मागा, दिवा का लावता ते विचारू नका

आज सकाळी गावाच्या ग्रुपवर एक निवेदन पडलं. 'देवीचं मंदिर शासनाने ताब्यात घ्यावं, विश्वस्त मंडळ बरखास्त करून कायमस्वरूपी प्रशासक नेमावा.' खाली सह्यांची रांग. त्यातल्या निम्म्या पोरांना मी कडेवर खेळवलंय. दुपारपर्यंत गप्प बसले, आता नाही बसवत.

विश्वस्तांवरचा राग मला कळतो. माझाही आहे. पूर्वी यात्रेनंतर हिशोब पाराजवळच्या फळ्यावर लागायचा, आता लागत नाही. मंदिरासमोरचा गाळा कोणाच्या मेहुण्याला गेला ते चोपड्याच्या बाजारातही लोक सांगतील. पण म्हणून देवी सरकारच्या हवाली करायची? कायमची? 'कायमस्वरूपी' हा शब्द लिहिताना एकाचाही हात थांबला नाही?

माझे मोठे काका, आप्पा, कित्येक वर्षं या मंदिराचे विश्वस्त होते. जुन्या लोकांना आठवत असतील. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात ताडपत्री अंथरून दानपेटी उघडली जायची. नोटा कुंकवाने लाल झालेल्या, नाणी तेलाने एकमेकांना चिकटलेली. आम्ही पोरं एकेक सुटं करून चळती लावायचो आणि आप्पा गुडघ्यावर वही घेऊन आकडा लिहायचे. असंच मोजणं चालू असताना एकदा तपासणीला एक साहेब आले. वही चाळता चाळता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. नंदादीपाचं तेल. म्हणाले, "रात्रभर दिवा कशाला? बघायला कोण असतं? आरतीपुरता लावा, खर्च वाचेल."

आप्पांनी तेलाच्या पावत्यांची थप्पी त्यांच्यापुढे सरकवली आणि शांतपणे म्हणाले, "तेल कितलं लागनं ते इचारा साहेब. दिवा काब्र लावतस ते नका इचारू."

साहेबांनी पावत्या तपासल्या, सही केली आणि गेले.

आप्पा सातवी शिकलेले. त्यांना कोणी कायदा शिकवला नव्हता. पुढे नोकरीत असताना माझ्या वाचनात सुप्रीम कोर्टाचे 1954 चे दोन निकाल आले. एक उडुपीच्या शिरूर मठाचा, दुसरा रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य. हा दुसरा तर आपल्याच 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरचा. वाचताना अंगावर काटा आला. कोर्टाने रेघ मारली ती आप्पांनी मारली तिथेच. पूजा कोणती, नैवेद्य कधी, दिवा कसा, हे त्या त्या संप्रदायाने ठरवायचं, सरकारी अधिकाऱ्याने नाही. आणि संस्थेची मालमत्ता, तिचा जमाखर्च हा व्यवहार, त्यावर कायद्याने देखरेख ठेवता येते. आता कोणी म्हणेल की धार्मिक विधींवर खर्च किती करायचा, तेही कोर्टाने व्यवहारातच धरलंय. धरलंय, ठीक. म्हणूनच आप्पांनी पावत्या पुढे केल्या. लपवलं काहीच नाही.

रतिलाल गांधींच्या निकालात आणखी दोन गोष्टी आहेत. मंदिर-मठाचा विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाच, बसवायची सरसकट सोय कायद्यात होती, ती कोर्टाने घटनाबाह्य ठरवली. आणि धार्मिक कामासाठी दिलेला पैसा, ते काम करणं शक्य असताना, दुसऱ्याच कामाकडे वळवायची तरतूदही उडवली. म्हणजे तुमच्या आजीने पदराची गाठ सोडून पेटीत टाकलेले दहा रुपये देवीच्याच कामी लागले पाहिजेत. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे सत्तर वर्षांपूर्वी सांगितलंय, आणि आमची पोरं आज स्वतःच्या हाताने लिहून देताहेत की घ्या, सगळंच घ्या!

त्याच निकालात विश्वस्त संस्थांकडून घ्यायचं अंशदान मात्र टिकलं. का टिकलं? तो कर नाही, देखरेखीच्या सेवेची फी आहे म्हणून. मग मला सांगा, सेवा कुठे आहे? आप्पा गेल्यावर त्यांच्या जागी नवा विश्वस्त घेतला, ठराव झाला, धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, दाखल केला. कोणाचीही हरकत नव्हती. तरी तारीख, पुन्हा तारीख, साहेब रजेवर, फाईल सापडत नाही. तोवर रजिस्टरला मेलेल्या माणसाचं नाव. बँक म्हणाली, शेड्यूल वनवर, म्हणजे त्या रजिस्टरच्या उताऱ्यावर, नाव चढल्याशिवाय सही चालणार नाही. देवीच्या खात्यात पैसे असून त्या वर्षीच्या भंडाऱ्याची डाळ, बट्टीचं पीठ, तूप, सगळं किराणा दुकानातून उधारीवर आणलं. दुकानदार भला माणूस, वहीत 'देवी' एवढंच लिहिलं. साधी नावाची नोंद ज्यांच्याकडून वेळेत झाली नाही, त्यांच्या हातात तुम्ही गाभाऱ्याची किल्ली देणार?

हे लिहिताना हात थरथरतोय. पाणी पिऊन आले.

पंढरपूरचं काय, असं कोणी विचारणारच. आपल्या मुक्ताईची पालखी दरवर्षी तिकडे जाते, बडव्यांच्या काळात वारकऱ्याला काय सोसावं लागलं ते आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलंय. बडव्यांचे हक्क काढून मंदिर सरकारने नेमलेल्या समितीकडे देणारा 1973 चा कायदा आला, 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शेवटची मोहोर उमटवली. बरं झालं, मान्य. पण तिथे विधानसभेने खास कायदा केला, त्याआधी चौकशी झाली. ग्रुपवरच्या सह्यांनी ते झालं नाही. आणि शिर्डी बघा. 2004 च्या कायद्याने तिथे सरकार समिती नेमतं. आपल्या नेत्यांनी तिथे कार्यकर्त्यांची सोय लावायला सुरुवात केली, आणि 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाला नेमलेली समितीच रद्द करावी लागली. सरकार आलं म्हणजे राजकारण गेलं, हे कुठे पाहिलंत तुम्ही?

2014 च्या जानेवारीतलाच चिदंबरमच्या नटराज मंदिराचा निकालही वाचा. तमिळनाडू सरकारने तिथे अधिकारी बसवला होता. कोर्ट म्हणालं, गैरकारभार दूर करण्यापुरता ताबा घेता येईल, तोही मर्यादित काळासाठी, आणि दोष दूर झाला की मंदिर ज्याचं त्याला परत द्यायचं. त्यापुढे बसून राहणं म्हणजे हक्क बळकावणं. घरात आजारी माणूस असला की डॉक्टरला बोलावतो, त्याच्या नावावर सातबारा करत नाही.

मग आमच्या विश्वस्तांना मोकळं सोडायचं? नाही. अजिबात नाही! गाळ्याचं भाडं खाणाऱ्याला मी आप्पांच्या जागेवर बसलेलं बघू शकत नाही. ज्या वहीत आप्पांनी पाच रुपयांची कापूरवडीसुद्धा लिहिली, ती वही आता कोणाच्या घरी आहे तेही कोणी सांगत नाही. आणि देवीची तापीकाठची केळीची जमीन आजवर वाचली ती त्याच 1950 च्या कायद्यातल्या कलम 36 मुळेच. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, नाहीतर केव्हाच गेली असती. ही देखरेख मला हवीच आहे.

पण वाईट विश्वस्ताला काढायचा रस्ता त्याच कायद्यात आहे. कलम 41डी. वारंवार हिशोब न देणारा, कायदेशीर आदेश मुद्दाम न पाळणारा, संस्थेच्या मालमत्तेचा अपहार किंवा गैरवापर करणारा विश्वस्त धर्मादाय आयुक्त निलंबित करू शकतात, काढून टाकू शकतात. मात्र आधी आरोप निश्चित करायचे, त्याला उत्तराची आणि पुरावा तपासायची संधी द्यायची. 'वेळ जातो ताई,' असं मला आज एकाने फोनवर सांगितलं. जातो, बाबा. पण आज चोर विश्वस्ताला न ऐकता काढायचा पायंडा पाडलात, तर उद्या आप्पांसारख्या माणसालाही कोणी तसाच काढेल. कारण एवढंच, की त्याने साहेबांना दिव्याबद्दल सुनावलं.

आणि अर्ज करायला पुढारी लागत नाही. मंदिरात नेहमी दर्शनाला जाणारा माणूस कायद्याने हितसंबंधित व्यक्ती धरला जातो. पहाटे सडा घालणारी आमची म्हातारी मावशी त्यात येते. तुम्ही सगळे येता.

पोरांनो, तुमच्यावर चिडले, पण तुम्ही पेटून उठलात याचं बरंच वाटलं. निदान कोणाला तरी पडलंय. रविवारी मी जळगावहून येतेय, संध्याकाळी पारावर बसू. अर्जावर पहिली सही माझी. त्यात देवीची पूजा, भंडारा, नंदादीप यांबद्दल एक अक्षर नको. कोणत्या वर्षाचा हिशोब दिला नाही, ऑडिट कधी झालं, गाळा कोणाच्या नावे, भाडं किती आणि कोणत्या खात्यात गेलं, एवढंच मुद्द्यावार लिहायचं. गाळ्याच्या कराराची प्रत ज्याच्याकडे असेल त्याने मला आजच पाठवा. ग्रुपवर टाकू नका, माझ्या नंबरवर.