दोष एकट्या सांग्रियाचा नाही

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. नुसतं ‘फालतू सिनेमा’ म्हणून निघून गेला असतात तर मीही हात जोडून गप्प बसलो असतो. पण तुमचे आक्षेप नेमके आहेत: दिग्दर्शक गास्पार नोएच्या ‘क्लायमॅक्स’ या सिनेमाला (2018) गोष्टच नाही, तो नशेचं उदात्तीकरण करतो, आणि लहान मुलाचा मृत्यू त्यात निव्वळ धक्क्यासाठी वापरलाय. वर एक टोला, ‘हेच मराठी दिग्दर्शकानं केलं असतं तर तुम्ही त्याला सोलून काढला असता.’ (पुढे सगळं फोडलंय. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथूनच परतावं.)

नशेपासून सुरू करतो, कारण तिथे मला तुमचं अजिबात पटलेलं नाही. 1996 चा हिवाळा, आडबाजूची रिकामी इमारत, तालीम संपवून पार्टी करणारे नर्तक आणि त्यांच्या सांग्रियात (फळं घातलेल्या वाइनमध्ये) कुणीतरी मिसळलेलं एलएसडी, म्हणजे भास घडवणारं ड्रग. एवढं ऐकल्यावर पडद्यावर रंगांची रंगपंचमी अपेक्षित असते. नोएला ती जमत नाही असंही नाही, ‘एंटर द व्हॉइड’मध्ये (2009) त्यानं ती भरपूर खेळलीये. इथे मात्र त्या नर्तकांना काय दिसतंय हे तो एकदाही दाखवत नाही. आपण बाहेर उभे. दिसतात ती वाकडी होणारी शरीरं, ऐकू येतात किंकाळ्या. सोफिया बुतेलाची सेल्व्हा कॉरिडॉरमध्ये स्वतःच्याच टाइट्समध्ये हात अडकवून घेते आणि ते निघेनात म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडते, तो प्रसंग आठवा. ते बघून कुणाला नशा करावीशी वाटेल?

आता गोष्टीबद्दल. लिहिलेली पटकथा मोजक्या पानांची, संवाद नटांनी ऐनवेळी रचलेले, त्यातले बहुतेक नट म्हणजे अभिनय कधीच न केलेले नर्तक, आणि शूटिंग 15 दिवसांत उरकलेलं. हे सगळं खरंच आहे. पण पहिल्या नाचानंतरच्या ज्या गप्पांना तुम्ही ‘कंटाळवाणी बडबड’ म्हणालात, गोष्ट तिथेच आहे. दोघं जण बायकांबद्दल किळसवाणं बोलतायत. एक भाऊ बहिणीवर पाळत ठेवून आहे. सायकी नावाची मुलगी तर आधीच सांगून गेलेली असते की बर्लिनमध्ये तिची रूममेट डोळ्यांत ड्रगचे थेंब घालायची, म्हणून ती तिथून निघाली. शेवटच्या दृश्यात हीच सायकी स्वतःच्या डोळ्यांत थेंब सोडते. गुन्हेगाराचा पत्ता आपल्याला खूप आधी मिळाला होता, आपण ऐकलं नाही.

आणि त्या खोलीतल्या लोकांनीही ऐकलेलं नसतं. संशय पहिल्यांदा जातो सांग्रिया बनवणाऱ्या इमॅन्युएलवर. ती म्हणते, मीही प्यायलेय. मग कोण प्यायलं नाही? ओमार दारूला शिवत नाही, झालं, त्याला हाकलून बाहेर बर्फात. सकाळी तो गोठून मेलेला. लू म्हणते मी गरोदर आहे, त्यावर तिच्या पोटात लाथ. साप साप म्हणून भुई धोपटतात, इथे माणसंच धोपटली. शुद्धीवर असणं हाच पुरावा! सांग्रियानं फक्त लाज काढून घेतली. एकमेकांना पाण्यात पाहणं ग्लास भरण्याच्या आधीपासून चालू होतं. माझ्यासाठी सिनेमातली भीती ही आहे, नंतरचा रक्ताचा सडा नव्हे.

टीटोबद्दल, म्हणजे इमॅन्युएलच्या लहान मुलाबद्दल, तुमचा राग समजू शकतो. पण ‘मुलाचं मरण दाखवलं’ असं लिहिलंत, तसं नाहीये. त्याची आई त्याला सुरक्षित राहावा म्हणून विजेच्या खोलीत बंद करते, बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली हरवून बसते. दारापलीकडून त्याच्या हाका येत राहतात. मग दिवे जातात. कॅमेरा त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. सुमारे 42 मिनिटं जो शॉट अखंड चालतो, त्यात आपण सतत कुणाच्या ना कुणाच्या मागे फरपटत असतो, आणि त्या दारावरून पुढे जाताना आपणही त्या आईइतकेच हतबल असतो. धक्का द्यायचाच असता तर दार उघडणं सोपं होतं.

मात्र मधूनमधून पडद्यावर येणारी ती वाक्यं, ‘जगणं ही सामूहिक अशक्यता आहे’ वगैरे, मलाही खुपली. एवढं जिवंत काही समोर चाललेलं असताना दिग्दर्शकानं मध्येच प्रवचन कशाला द्यावं? शेवटी लाल उजेडात उलटा केलेला कॅमेराही गरजेपेक्षा जास्त लांबलाय. तिथे तुमच्याइतकाच मीही घड्याळाकडे बघत होतो.

मराठी दिग्दर्शकाच्या टोल्याबद्दल एवढंच म्हणेन: कुणी मोजक्या पानांवर, नवख्या नर्तकांना घेऊन, 15 दिवसांत असं काही करून दाखवलं तर पहिलं तिकीट मी काढीन. आवडलं नाही तर सोलूनही काढीन, तो हक्क आहेच.

राहता राहिला तुमचा प्रश्न, हिप-हॉप शिकणाऱ्या भाच्याला हा सिनेमा दाखवावा का? पूर्ण नको. नीना मॅकनीलीनं बसवलेला सुरुवातीचा नाच तेवढा दाखवा, सेरोनच्या ‘सुपरनेचर’ या गाण्यावरचा. क्रम्प, व्होगिंग, वॅकिंग असे नाचाचे प्रकार, सगळं एका दमात आहे. नाच थांबला की बंद करा, आणि रिमोट तुमच्याच हातात ठेवा.